नागकेशराची पुडी

बसत नाही मी, साहेब, उभीच बरी — पुडी तपासलीत ना, आता तुमच्या कागदावर त्या रामजी काष्ठौषधीवाल्याचं नाव लिहा, पोलिसांकडे जायचं मी बघते. लालबागला बसून बायाबापड्यांना फसवतो मेला! लेक माझी, सुभद्रा, बाळंतीण — तिकडे इस्पितळात कापसासारखी पांढरी पडलीय. अंगावरून जायचं थांबेना म्हणून वैद्यांनी नागकेशर सांगितलं, आणि मी — मीच हो — रोज लोणी-खडीसाखरेत कालवून भरवलं. थांबतंय कशाला? पुडीत नागकेशर असेल तर थांबेल ना!

काय, काटेरी गोळे? ह्या नळीतून बघू? बघते की, चौथी शिकलेय, डोळे तर आहेत — अगं बाई, खरंच काटेरी! झेंडूचे पराग? मग मला झेंडू नका शिकवू, साहेब. आमचं घरच झेंडूवर चालतं. संप कुणी मागे घेतला नाही आणि गिरणीनं आमच्या ह्यांना परत घेतलं नाही — कापड विणायच्या साच्यावर उभा राहणारा माणूस, आता देवळांमागचं निर्माल्य उचलतो. करी रोडला चाळीच्या गच्चीवर सुकवतात, गिरणीतून शेवटी आणलेलं निळं कापड आहे ना, त्याच्यावर. होळीच्या रंगवाल्याला देतात. कष्टाचं खातो आम्ही, कुणाच्या औषधात नाही कालवत.

आणि ही काचपट्टी? पिवळा डाग वर चढलाय तो — हळद? औषधात हळद कुठून — हां, देवाला वाहिलेली फुलं! म्हणजे मेल्यानं निर्माल्य दळलं. देवाचंसुद्धा भय नाही. लिहा, तेही लिहा. असं बघताय काय माझ्याकडे? निर्माल्य उचलणारे आमचे हे एकटेच आहेत का मुंबईत? दादरला जाऊन बघा, ढिगानं आहेत.

अजून काय राहिलं? कसले तंतू? सुती... कुठल्या रंगाचे?

सरका. बघू द्या मला.

...

निळे. — रडत नाहीय. दिव्यानं डोळे चुरचुरले. — तो रंगवाला बारा महिने फुलं नेतो हो, साहेब. बारा महिने. शिमगा वर्षातून कितीदा येतो?

आत्ता हे तिच्या उशाशी बसलेत. कपाळावरून हात फिरवत.

नाव? कुणाचं नाव? काही लिहू नका. तो नळीखालचा दिवा बंद करा — बंद करा म्हणते ना!