गेटसमोरून जाणारी बस

नाही, तुम्हीच मला सांगा, ज्या बसला त्या गेटवर थांबायचंच नाही, ती त्या गेटसमोरून जाते कशाला? दुसरीकडून जा ना बाई, भातखाचरांतून जा, कालव्याच्या काठानं जा... पण नाही. विद्यापीठाची कमान दिसते, वॉचमन दिसतो, वॉचमनचा डबासुद्धा दिसतो, आणि बस आपली सुसाट तंजावरकडे. तुम्ही पुण्याची माणसं, लग्नाला म्हणून चार दिवस आलात, तुम्हाला हे सगळं गंमत वाटेल. त्या दिवशी माझ्या पोरीचं सगळं आयुष्य त्या बसमध्ये बसलेलं होतं.

झालं काय, आमच्या विनुताची तोंडी परीक्षा. पीएच.डी.ची. ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्राचे, म्हणजे राजांच्या वेळच्या धर्मशाळेचे, मोडी कागद, त्यावर पाच वर्षं घासली पोरीनं. दर रविवारी माझ्या मोपेडवर मागं बसून जायची, कागद उतरवून आणायची. परीक्षा तीनला. एका कॉलेजनं सांगितलेलं, सोमवारपर्यंत निकाल दाखवा, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि परीक्षक कोल्हापूरचे, प्राध्यापक बाळकृष्णराव, मद्रासहून दुपारी बाराच्या विमानानं त्रिचीला उतरणार. आणायला विद्यापीठाची गाडी जाणार होती. सकाळी आठला विद्यापीठाच्या ऑफिसातला त्यागराज धापा टाकत आमच्या दारात. "सार, गाडी मद्रासला गेली. कॉम्प्युटर आणायला." मी म्हटलं, कॉम्प्युटर स्टेशनवर रडत उभा राहिला असता का एक दिवस? तर म्हणतो, "सार, तुम्हीच जा. मराठी बोलणारं दुसरं कोण आहे? फक्त मुलीचे वडील म्हणून सांगू नका, हे परीक्षक फार कडक आहेत. विद्यापीठाचा माणूस म्हणा."

झालो मी विद्यापीठाचा माणूस.

तालुका कचेरीत तीस वर्षं काढली मी, खोटं बोलायची सवय नाही असं नाही, पण ते सरकारी असतं, हे घरचं. विमानतळावर बाळकृष्णराव उतरले, उंच, धोतर, काखेत विनुताचा प्रबंध. मी टॅक्सीकडे हात केला. "टॅक्सीचं पत्र आहे विद्यापीठाचं?" नाही म्हटलं. "मग बस. परीक्षकानं कुणाचं काही घेऊ नये." बरं, निदान कॉफी? "कॉफीसुद्धा नाही." आता बापाची कॉफी नको म्हटलं तर समजू शकतो, पण मी तर विद्यापीठाचा माणूस ना?

विमानतळावरून सिटी बस. ती भरून आलेली, आम्ही दोघं पायरीवर, त्यांचं धोतर एका बाईच्या केळीच्या घडात अडकलेलं. त्रिचीच्या स्टँडवर तंजावरची बस लागलेली, खाजगी, व्हिडिओवाली. मी कंडक्टरला विचारलं, विद्यापीठाच्या गेटवर थांबवाल ना? त्यानं मान हलवली. आता आमच्याकडे मान कशी हलवतात तुम्ही पाहिलंय, ती हो पण असते, नाही पण असते, बघू पण असते. मी हो धरली.

बस सुटली. वर सिनेमातला हीरो वीस जणांना लोळवतोय, आणि खाली बाळकृष्णराव प्रबंध उघडून मला म्हणतात, "ही मुलगी फार फटकळ आहे हो. हे पाहा, तिसऱ्या प्रकरणात तळटीप. मी मोडी चुकीचं वाचलंय म्हणते. मी. चाळीस वर्षं मोडी वाचतोय."

मी म्हटलं, "असं का."

"घरी कुणी वळण लावलेलं दिसत नाही."

वळण लावणारा शेजारी बसलाय, अर्ध्या सीटवर. म्हटलं, "नसेल लावलं."

"तुम्ही ओळखता तिला?"

"पाहिलंय."

पाहिलंय म्हणे. जन्मली तेव्हापासून पाहतोय. पण मी विद्यापीठाचा माणूस ना.

सेंगिपट्टीला टायर बसलं. अर्धा तास गेला. वल्लम आलं, मी उठून दारात उभा राहिलो, कमान दिसली, मी ओरडलो, "निल्लु, निल्लु," थांब थांब म्हणून, आणि कंडक्टर शांतपणे म्हणतो, "नॉनस्टॉप, सार." मी म्हटलं, टायर बसलं तेव्हा थांबला होतास की. तो म्हणतो, "ते टायर थांबलं, सार. बस नॉनस्टॉप."

तुम्हाला सांगतो, तीनला दहा मिनिटं असताना आम्ही तंजावरच्या जुन्या स्टँडवर. आता उलट जाणारी टाऊन बस शोधायची. तेवढ्यात कोण समोर? आमच्या शेजारच्या कमलाक्षीबाई. आणि मराठीत, चांगल्या खणखणीत आवाजात, "काय हो हनुमंतराव, विनुताची परीक्षा जाहली का?" मी तमिळमध्ये उत्तर दिलं. त्या गोंधळल्या, आयुष्यात मी त्यांच्याशी कधी तमिळ बोललेलो नाही. बाळकृष्णरावांनी विचारलं, "या कोण?" म्हटलं, "त्याही पाहिलेल्या आहेत."

गेटवर उतरलो सव्वातीनला. आणि गेट म्हणजे विद्यापीठ नव्हे हो, ते फक्त गेट. आत दीड मैल लाल माती, काजूची झाडं आणि ऊन. परीक्षेचे अध्यक्ष चारला निघून जाणार, त्यांची मद्रासची गाडी होती. शेवटी मी बाळकृष्णरावांची पेटी डोक्यावर घेतली आणि पळत सुटलो, आणि मागून ते, सदुसष्ट वर्षांचा माणूस, एका हातात धोतर आणि दुसऱ्यात माझ्या पोरीचा प्रबंध. प्रबंध काही त्यांनी मला धरू दिला नाही. नियम.

तीन पस्तीसला दार बंद झालं. मी बाहेर बाकावर. आत आधी त्यांचा आवाज, मग विनुताचा, मग दोघांचा एकदम. मग दार उघडलं, बाळकृष्णराव बाहेर आले, चष्मा पुसत म्हणाले, "हट्टी आहे. पण बरोबर आहे. तो शब्द मी चुकीचाच वाचत होतो." मागून विनुता आली, डॉक्टर विनुता, तिनं माझ्याकडे पाहिलं, धुळीत लोळल्यासारखा अवतार माझा, आणि त्यागराजनं पढवलेली पोर स्वतःच्या बापाला विचारते, "सार, पाणी आणू का?"

आणा म्हटलं. काय करता.

सोमवारी ती कॉलेजात रुजू झाली, सगळं गोड झालं, असं वाटलं. महिन्याभरानं कुलगुरूंना कोल्हापूरहून पत्र. आपले कर्मचारी श्री. हनुमंतराव यांच्यासारखी निष्ठा आजवर कुठल्या विद्यापीठात पाहिली नाही, त्यांची योग्य ती कदर व्हावी. कुलगुरूंनी शोध लावला, हा हनुमंतराव कोण? त्यागराज घाबरला, सांगितलं, आहेत सार, आमच्याच खात्यातले. आता खरं सांगावं तर पोरीच्या परीक्षेवर बोट. तेव्हापासून कुठलेही पाहुणे येवोत, कुलगुरूंची चिठ्ठी एकच, हनुमंतरावांना पाठवा.

तीस वर्षं खरी नोकरी केली, कुणी एक ओळ चांगली लिहिली नाही. आता रिटायर झाल्यावर बढती मिळालीय, नसलेल्या नोकरीत. उठू द्या मला, धारवाडचे एक प्राध्यापक बाराला उतरतायत.