उखर्डूची पहिली फेरी

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?…

अगं बाई, दिपमाला!… नाही गं, नाव कुठलं दिसतंय, चष्मा कपाळावर आहे. हॅलो म्हणून झाल्यावर पुढे मला काय म्हणावं म्हणून अडलीस ना, तिथेच ओळखलं… काही नको म्हणूस. नुसतं बोल.

हो, हो, बठ्ठं बरं शे, सगळं ठीक. नाना बरे. गुडघा कुरकुरतो, पण तो तर लग्नाआधीपासूनचा… तू कशी आहेस? धुळ्याला पाणी येतं का नीट?… आमचंही तसंच. आणि आई?… अजून रागात असतील माझ्यावर… असू दे गं. लेकीचा संसार मोडल्यावर आईने सासूवर नाही रागवायचं तर काय दूधवाल्यावर?

कोर्टाचं झाल्यापासून पहिल्यांदा केलास फोन… छे, तक्रार नाही. मी तरी कुठे केला? नंबर काढायचा आणि परत फोन उशीखाली. सुनेला करायचा तर सून राहिली नाही, आणि दुसरं कोण म्हणून करायचा ते सुचेना… बरं, ते जाऊ दे. काम काय काढलंस?

…लॅपटॉप?

…हो, आहे ना. तुझाच आहे, कोण नाही म्हणतं?… ज्ञानेश्वर येतोय? उद्या?… येऊ दे की. तुझा भाऊ म्हणजे काय परका आहे का, चहा घेऊन जाईल… पण लॅपटॉप उद्याच हवा का गं?… नवी नोकरी! अरे वा. कधीपासून?… सोमवारी. मग उद्या तर गुरुवारच आहे…

नाही, बिघडला नाही… नाही, नानांनी चहा नाही सांडला. अगं ऐक ना… ऐकून तर घे… त्यात माझं एक काम अडकलंय.

गेम. तुझा तो रॉकेटचा… हसू नकोस. नाद कुणी लावला मला? दुपारी दोघी बसायचो, तू रॉकेट बांधायचीस आणि मी बाजूला शेंगा सोलत 'उडव, उडव' करायचे. आता मीच बांधते… हो, मी! भांडी झाली की बसते.

कसलं काय. आग लागो त्या रॉकेटला. म्हणजे ती लागतेच, पण नको तेव्हा. सुटतं अगदी झोकात, सरळ वर जातं, मला वाटतं आज जमलं, आणि ढगाजवळ गेलं की डोकं खाली, शेपूट वर. कोलांटी!… हो, दर वेळी. आतले ते बुटके बिचारे… तीन गेले. शेवटच्याचं नाव मी हौसेनं फत्तेसिंग ठेवलं होतं. तो तर सगळ्यात आधी… म्हणजे सगळ्यात खालीच फुटला.

म्हणून आता चौथ्याचं नाव उखर्डू… हो, उखर्डू! त्यात हसण्यासारखं काय? ज्या घरात लेकरं टिकत नाहीत तिथे असंच नाव ठेवतात आपल्याकडे. उकिरड्यावरचं म्हटलं की यम वळूनही बघत नाही. माझ्या आजोळच्या गल्लीत दोन उखर्डू होते, दोघंही पणतवंडं बघून गेले.

…तर त्याला मी अजून बसवलाच नाही. धीर होत नाही. तो एकदा वर जाऊन पृथ्वीभोवती फिरला ना, की ने बाई तुझा लॅपटॉप… आत्ता? फोनवर? सांगतेस?… थांब, थांब, स्पीकरवर टाकते.

हां. ऐकू येतंय?… खाली थोरलं इंजिन, त्यावर टाकी. मग धाकटं इंजिन, त्याची टाकी. आणि सगळ्यात वर उखर्डूची डबी… पंख आहेत ना, चार आहेत… वर. डबीपाशी… वरच लावले, का?… अगं, शोभतात तिथे! श्रावणात कानबाई देवी बसवतो तेव्हा नटवतो कुठे, वरच ना? नथ, हार, सगळं वर. पाटाखाली कोणी दागिने घालतं का?

हस. हस बाई, हस. झालं?

…शोभेचे नसतात?… हं… बॅडमिंटनचं फूल?… हो, कसंही मारलं तरी बूड पुढे आणि पिसं मागे… कारण वारा पिसांना धरतो… अस्सं. म्हणजे मी पंख वर लावले, वाऱ्याने उखर्डूचं… म्हणजे फत्तेसिंगचं डोकंच धरलं आणि मागे ओढलं. अरे देवा. कानबाईच्या नादात माणूस मारला मी.

काढले. खाली लावते… इंजिनापाशी, सगळ्यात खाली, बरं… अहो! कुकर बंद करा, शिट्ट्या मोजत काय बसलात!… नाना गं. अहो, सुनेचा… दिपाचा फोन आहे… विचारतायत, जेवलीस का?… जेवली म्हणते!

लागले पंख. आणखी?… हलतं का? हलतं ना! घड लागलेली केळ वाऱ्यात हलते तसं, मधूनच… टेकू? त्या काड्या? मला वाटलं कुंपणाच्या आहेत… थोरल्या टाकीपासून धाकट्या टाकीला… दोन्हीकडून… लागल्या. आता बसवू त्याला?… बसवला. चल रे उखर्डू.

सोडलं!… जातंय… जातंय… सरळ आहे… वळवू? आत्ताच? गेल्या वेळी वळवलं आणि… बरं, बरं, एकदम नाही. तान्ह्याची मान वळवतो तसं… दिपा, नाही उलटत!… ढग गेला खाली! नाही उलटत गं!… थोरली संपली… सुटली. गेली समुद्रात… आता धाकटं… हं… बंद करू? का?… वरच्या टोकाला पोचू दे… थांबते. थांबते आहे… आता आडवं करून परत सुरू… केलं… त्याच्या वाटेची रेघ दिसते, निळी, वाढतेय… वाढतेय… अगं, पार मागून वळून आली. मिळाली! गोल झाला पुरा!

अहो, इकडे या, फिरतोय तो! उखर्डू फिरतोय!

…हो गं. जमलं… हो. बोलल्याप्रमाणे… आता ने लॅपटॉप.

पण याला खाली कसा आणायचा?… इंधन? रिकामं दाखवतंय. वर जाण्यातच संपलं की सगळं… मग? पडेल?… पडणार नाही? नुसता फिरत राहणार?… किती दिवस?… कायमचा?

…

नाही, आहे. फोनवरच आहे… नाही रडत, कांदा चिरला होता मघाशी… बरं, नव्हता चिरला.

दिपा, ऐक. तुझे कपडे गेले, पुस्तकं गेली. कपाटात आता नानांची औषधं आहेत. लॅपटॉप तेवढा राहिला. उघडला की आधी तुझा फोटो येतो, मग रॉकेट येतं. मी रॉकेटसाठीच उघडते असं नाही… कळलं ना? बस.

हितेंद्र माझा मुलगा आहे, त्याला मी टाकू शकत नाही. त्याला जे सुनवायचं ते सुनवलंय, तेही तोंडावर. पण त्या कागदावर तुम्हा दोघांच्या सह्या होत्या गं. माझी सही कुणी घेतली?

…हं?… दुसरं रॉकेट पाठवून? उतरवता येतो?… दोन्ही फिरत असताना एकमेकांशेजारी न्यायची? बाई गं. ते काही फोनवर व्हायचं नाही. आणि मला एकटीला तर नाहीच.

मग असं करू का… ज्ञानेश्वरने चहाच पिऊन जावं. लॅपटॉप मी आणते. रविवारी… अगं, पण आईंना विचार. आत्ता विचार, मी थांबते. नाही म्हणाल्या तर उद्या ज्ञानेश्वरच्या हातात देईन, चार्जरसकट. परत हा विषय काढणार नाही.

…ऐकू येतंय मला. 'आता कशाला' म्हणाल्या… अगं, त्यांच्याकडे नको देऊस फोन, मी काय बोलू… दिपा… हॅलो?

…नमस्कार, मंजुळाबाई. हो, ललिताच… हो… खरं आहे… बोला ना, मी ऐकते… हो… नाही, समजूत घालायला नाही येत. ते संपलं, मलाही कळतं… हितेंद्रचा निरोपही नाही. त्याला माहीतच नाही… मग कशाला? आता कसं सांगू तुम्हाला… आमचा एक उखर्डू वर अडकलाय. दिपाशिवाय खाली नाही यायचा… कोणाचा म्हणजे? माझाच!… नाही, नाही, तब्येत बरी आहे माझी… तिलाच विचारा.

…हसतेय ना?… हो, इथपर्यंत येतंय ऐकू… इतके दिवस हसतच नव्हती?… अजिबात?

हो, ऐकतेय. बोला.

…कोणत्या गाडीने?… म्हणजे… येऊ मी?

सकाळच्या. उन्हाच्या आत… नाही, डबा नाही आणत, तुमच्याकडेच जेवेन… चालतं, तिखट चालतं… हो. ठेवते आता…

नाही, नाही. तुम्ही ठेवा आधी.