रागाच्या आधी काय येतं

वृंदाताईंच्या आई, त्यांचे भाऊ, कोरगावची मंडळी, आणि डिचोलीहून आलेले, ताई घ्यायच्या त्या शनिवारच्या बैठकीतले माझे सोबती, सगळ्यांना माझा नमस्कार.

ताईंच्या या शोकसभेत मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हणालो. इथे शिकलेली माणसं बसली आहेत. ताईंबरोबर संशोधन केलेले लोक आहेत. मी काय बोलणार? पण माझी बायको सुलभा म्हणाली, "तुमीच बोला. त्येंनी तुमका बोलूक शिकवल्यानी." म्हणून उभा आहे. आवाज अडला तर माझ्यासाठी थोडं थांबा.

माझं नाव सदानंद. आमचं मूळ सावंतवाडीकडचं. पोटासाठी डिचोलीला आलो आणि वीसेक वर्षं खनिजाचा ट्रक चालवला. मग खाणी बंद झाल्या. ट्रक दारात उभा राहिला, आणि मी घरात.

सुलभा काजूच्या कारखान्यात जायला लागली. आणि मला राग यायला लागला. कशाचाही राग. पेज गरम असली तरी राग, निवली तरी राग. आतल्या खोलीत मुलगी हसली तरी राग. माझी पावलं वाजली की ती पुस्तक उचलून निघून जायची.

एका सकाळी सुलभा कामाला निघताना म्हणाली, "चाय ठेवलंय हा." एवढंच म्हणाली. मी तो कप तिच्या अंगावर फेकला. चहा उकळता होता. तिचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला.

मंडळी, ताई म्हणायच्या, झालं ते झालं तसं सांगायचं. "हात भाजला" म्हणायचं नाही. "मी तिचा हात भाजला" म्हणायचं.

मी भाजला.

दवाखान्यात सुलभानं सांगितलं, चहा सांडला. पट्टी बांधून ती बाहेर बाकावर बसली. ताई तेव्हा तिथे येत असत. काम सुटलेल्या घरांतल्या माणसांशी बोलत असत. राग, लाज, भीती, दुःख या भावनांचा माणसाला त्रास का होतो, काहींना त्या आवरतात आणि काहींना का आवरत नाहीत, यावर त्यांचा अभ्यास चालला होता. त्यांनी सुलभाला खोदून काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "घरी जायची भीती वाटते का?" आणि सुलभा रडली.

आधी त्यांनी तिची आणि मुलीची सोय बघितली. दोघी इथे कोरगावला, सुलभाच्या बहिणीकडे राहिल्या. माझा नंबर नंतर. ते बरोबरच होतं.

मला ताईंचा निरोप आला तेव्हा मी भांडायलाच गेलो. म्हटलं, "बाई, माझ्या घरात तुमचं काय काम?" ताईंनी खुर्ची पुढे केली. "बसा सदानंदभाऊ. मला एक सांगा, राग यायच्या आधी काय येतं?"

मी म्हटलं, "आधी काय येणार? राग सरळ येतो."

"बरं. पुढच्या वेळी बघा, आणि मला सांगा."

कितीतरी आठवडे मला काही दिसलं नाही. त्यांनी श्वास मोजायला सांगितला. मी म्हटलं, "ताई, श्वास मोजायला लागलो की मी जास्तच तापतो." दुसऱ्या कुणी मलाच दोष दिला असता. ताई हसल्या. वहीत लिहून घेतलं. म्हणाल्या, "मग तुम्हाला काय जमेल?" मी म्हटलं, चालायला जमेल. मग ठरलं. राग चढला की नदीपर्यंत चालत जायचं. पण घरात कुणी असेल तर सांगून जायचं, "मी परत येतो."

आणि एक दिवस दिसलं. शेजाऱ्यानं विचारलं, "सुलभा अजून कामाला जाते काय?" साधा प्रश्न. माझे कान गरम झाले. राग अजून यायचा होता. मी तसाच ताईंकडे गेलो. म्हटलं, "ताई, लाज येते."

बायको कमावते आणि मी बसून खातो, याची लाज. ती कुणाला सांगणार? राग सांगावा लागत नाही. तो दिसतो.

ताईंनी मला पाणी आणून दिलं. म्हणाल्या, "हा शब्द काढायला किती कष्ट पडले असतील तुम्हाला." मला आयुष्यात असं कुणी म्हटलं नव्हतं.

चार महिन्यांनी सुलभा स्वतःहून परत आली. मी लगेच सुधारलो का? नाही. एकदा ताट भिंतीवर मारलं. मान खाली घालून ताईंकडे गेलो, माफ करा म्हटलं. त्या कडक आवाजात म्हणाल्या, "माझी माफी कशाला? ताट माझ्या भिंतीवर मारलं काय?"

घरी आलो. सुलभा भाजी चिरत होती. तिच्या हातावरचा डाग मी पहिल्यांदा नीट बघितला. विचारलं, "तेव्हा खूप दुखलं का गो?"

तिनं चिरायचं थांबवलं. मग म्हणाली, "दुखला. पण तुमी इचारूक नाय, त्याचा जास्त दुखला."

मी रडलो. मुलगी दारात आली. आत निघून गेली नाही, तिथेच उभी राहिली.

पुढे ताई आजारी पडल्या. उपचाराला जाताना त्यांची गाडी मी चालवायचो. एकदा खड्ड्यात चाक गेलं तर माझ्यावर केवढ्यानं ओरडल्या! मग म्हणाल्या, "सदानंदभाऊ, मी घाबरलेय. मला समजावू नका." मी समजावलं नाही. गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. मग त्याच म्हणाल्या, "चला."

ताईंच्या आई, तुम्हाला एक सांगतो. माझी मुलगी आता नोकरी करते. परवा जेवताना ती माझ्याशी भांडली. चांगली मोठ्या आवाजात, माझ्या डोळ्यांत बघून भांडली. तिला माझी भीती वाटली नाही. मी घास हातात धरून ऐकत बसलो. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं. ते तुमच्या मुलीनं दिलं. तुमचे उपकार मानायला शब्द कमी पडतात, म्हणून हात जोडतो.

आता आपण थोडा वेळ गप्प राहू या. उठू नका, आहात तिथेच बसा. रडू आलं तर येऊ द्या. ताई इतक्या लवकर गेल्या म्हणून त्यांच्यावर राग आला असेल, तर तोही येऊ द्या.

मला आलाय.