कडेला लिहिलेलं उत्तर

बसवनगुडीच्या डायलिसिस केंद्रात गोजराबाई शेजारी येऊन बसल्या, तशी दुसऱ्या रुग्णासोबत आलेल्या धनलक्ष्मीने आपली पाण्याची बाटली पिशवीत लपवली. नर्सिंग शिकणारी हर्षिता आजाऱ्यांच्या जगण्याचा अभ्यास करत होती. ती फॉर्म घेऊन समोर बसली.

"अक्का, आजारपणात लोक तुमच्याशी कसे वागतात? पाचपैकी किती गुण?"

"पाच लिही. सगळे जपतात हिला." गोजराबाईंचे यजमान प्रतापराव बोलून मोकळे झाले.

"अण्णा, स्वल्प थांबा. अक्कांना सांगू दे."

"मला कुणी पाणी विचारत नाही गं."

"अगं, तुला जास्त पाणी चालतं का? सगळ्या नातेवाइकांना मीच फोन करून सांगितलंय!"

"तेच. कुणाकडे गेलं की तुमच्यापुढे तांब्या-भांडं येतं. माझ्यापुढून ट्रे तसाच पुढे जातो."

"दिलं तर पिशील ना!"

"चार वर्षांत कधी चोरून प्यायले? नकोच म्हटलं असतं. पण ते म्हणायला कुणी विचारावं तरी."

"अक्का, फॉर्ममध्ये असा प्रश्नच नाही."

"मग कडेला लिही."

हर्षिता लिहू लागली. प्रतापराव चष्मा पुसत राहिले. धनलक्ष्मीने पिशवीतून बाटली काढली.

"अक्का, पाणी घेता?"

"नको गं," गोजराबाई हसल्या. "तू घे."