ऑइल पेंटची भिंत

ऑफिसच्या भिंतींचा खर्च वाचवायचाय म्हणता? चहा घ्या, आणि आधी आमच्या थोरल्या भावाची, अण्णाची गोष्ट ऐका.

साठ सालाच्या आसपास शिवाजीनगरात आमचं कापडाचं दुकान होतं. आप्पा, म्हणजे आमचे वडील, डोक्याला खोबरेल थापून गादीवर बसायचे आणि मागे भिंतीला डोकं टेकायचे. तिथे हा एवढा तेलकट डाग! दसऱ्याआधी चुना मारला, तरी पूजेपर्यंत डाग पुन्हा वर. आप्पा गेले, तरी डाग यायचाच.

दुकान थोरल्या अण्णाच्या हाती आलं. तो म्हणाला, "दरवर्षी चुना, दरवर्षी मजुरी! एकदाच ऑइल पेंट मारू, मग कटकट नाही." मारला. भिंत हिरवीगार, तुकतुकीत.

आई वर्षातून एकदाच दुकानात यायची, दसऱ्याच्या पूजेला. आरती झाल्यावर गादीमागे हात फिरवत म्हणाली, "इथेच ना रे हे टेकायचे?"

अण्णा खुशीत होता. "बघ आई, डागाचं नाव नाही! आता कधीच यायचा नाही."

"बरं," आई म्हणाली आणि टांग्यात जाऊन बसली. पुढच्या दसऱ्याला ती आलीच नाही.

तेव्हा अण्णाला कळलं. डाग परत यावा म्हणून त्याने पेंटवर पुन्हा चुना मारून पाहिला, पण पेंट चुना धरतोय कसला! चुन्याचे पोपडे होऊन गळून पडले.

मग अण्णाच खोबरेल लावून तिथे डोकं टेकून बसायला लागला. संध्याकाळी नोकर ओलं फडकं मारायचा, की भिंत कोरी.