घरातली शिकलेली

मी अर्नाळ्याची, जन्म पन इथलाच नि लग्न पन इथंच, माहेर नि सासर यांच्यामधे दोन गल्ल्या, त्यामुळे रडत सासरी जायची वेळच आली नाय. वडलांची होडी होती, आई विरारच्या बाजारात मासळी घेऊन बसायची, नि आम्हा भावंडांत शाळेत टिकली ती मी एकटी, दहावी पास झाली. तुम्हाला वाटेल त्यात काय मोठं, पन मी या घरात आली तेव्हा इथं कोनालाच नीट वाचता येत नव्हतं, म्हनून बँकेचा कागद आला, लाइटचं बिल आलं, डॉक्टरनी काय लिहून दिलं, की सासू हाक मारायची, प्रमिला, वाच गं बाय. शेजारनींना सांगायची, आमची मोठी सून शिकलेली हाय. काय सांगू तुम्हाला, त्या एका शब्दावर मी सगळं काम ओढलं, मासळी साफ केली, सुकवली, पोरं वाढवली, कधी तोंड वाकडं केलं नाय, कारन माजा मान तो होता.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं नि रेखा आली, चंदनसारची, आठवीत शाळा सोडलेली, बडबडी. कालवनात मीठ विसरायची नि वर हसायची. मला ती आवडायची, खोटं नाय बोलनार, आवडायची कारन तिच्यापासनं मला काय भीतीच नव्हती.

आमची मच्छीमारांची सोसायटी हाय, बोटींना बर्फ नि डिझेल देते, तिच्या हापिसात कॉम्प्युटर आला. चेअरमन बोलले, त्याच्यावर गावातलीच बाई कामाला घेऊ, विरारला क्लासला आम्ही पाठवतो. मी लगेच नाव दिलं. सासू म्हनाली, एकटी नको जाऊस, रेखाला ने सोबतीला. ध्यानात ठेवा हां, ती सोबतीला आली होती, नि आलीच हाय म्हनून क्लासात बसली.

क्लासच्या मॅडम वसईच्या एव्हरशाईनवरनं यायच्या, माज्या पोरीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी कॉम्प्युटरचा तो टेबलाखालचा डबा उघडून दाखवला, हा पंखा, ही वायर, हा प्रोसेसर. म्हनाल्या, ही छोटी पट्टी म्हनजे रॅम, तुमच्या घरचा ओटा समजा, काम चालू असेपर्यंत सगळं ओट्यावर, नि ही हार्डडिस्क म्हनजे कोठी. सेव्ह केलं की कोठीत जातं, नाय केलं नि लाइट गेली की ओटा साफ. मी सगळं पाठ केलं, घरी येऊन भाकऱ्या थापताना म्हनायची, मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस, प्रिंटर. मॅडमनी विचारलं की माजाच हात वर.

पन तोंडानं सांगनं वेगळं नि हातानं करनं वेगळं. माऊस धरला की माजा हात असा आवळायचा जसा कोयताच धरलाय. वाटायचं, काहीतरी भलतं दाबलं जाईल नि मशीन बिघडेल, सगळे म्हनतील शिकलेलीनं बिघडवलं. रेखाचं तसं नव्हतं. ती दाबून बघायची, चुकलं की खी खी करायची, परत दाबायची, नि मॅडमनी चुकलेलं मागं घ्यायचं बटन दाखवलं तेव्हापासनं तर तिला कशाचं भ्याच उरलं नाय. वर्डमधे पोराच्या वाढदिवसाचं आमंत्रन काय केलं, एक्सेलमधे बेरीज काय लावली. मॅडम म्हनायच्या, बघा, रेखाताई कशा करतात. रेखाताई! येताना एसटीत ती माज्या खांद्यावर डोकं टेकून झोपायची नि मी खिडकीतनं बाहेर बघत बसायची, आतनं नुसती आग आग.

मग चेअरमन स्वतः काम बघायला क्लासला आले. बोटींची नावं नि डिझेल असा तक्ता करायचा होता. माजा आधी झाला. मग मी तो सजवत बसली, नावं ठळक केली, रेघा मारल्या, मधोमध आनलं, नि लाइट गेली. माज्या मशीनचा यूपीएस मेलेला. लाइट आली तर समोर कोरं पान. रेखा दर ओळीला सेव्ह करत होती, तिचा जसाच्या तसा, रेघा वाकड्या पन होता. चेअरमन बोलले, ठीक हाय, हिला घेऊ. माजा तक्ता चांगला होता हो. पन तो बघितला कोनी? मी बघितला.

घरी सासू फुगली. रेखाला म्हनाली, दिवसभर हापिसात बसलीस तर मासळी कोन सुकवनार, घर कोन बघनार, नाय जायचं. मग सासू माज्याकडे वळली, मोठी, तू सांग, तू बोलशील तसं. दीर बघतोय, नवरा बघतोय, नि रेखा जमिनीकडे बघत पदराचं टोक पिळतेय. नको, एवढंच बोलायचं होतं मला. जिभेवर होतं. पन डोळ्यासमोर आलं, ही घरात राहील, रोज माज्या शेजारी बसून दोरीवरचे बोंबील सोडवील, नि रोज मला तिचं ते उतरलेलं तोंड बघावं लागेल.

मी बोलली, जाऊ दे तिला. मी बघते घरचं.

रेखा येऊन गळ्यात पडली, रडली. मी नाय रडली. लोक म्हनतात, प्रमिलाचं मन मोठं. मन कसलं मोठं, माजं मला ठाऊक.

आता ती साडीला पिन लावून हापिसात जाते, खुर्चीत बसते, पंख्याखाली. बोटवाले तिला मॅडम म्हनतात. मोबाइलवर काय आलं की सासू तिची वाट बघते, मी समोर असली तरी, म्हनते, राहू दे, रेखा येऊन बघील. तेव्हा मी उठून सुकत घातलेली मासळी उलटायला जाते.

रविवारी हापिस बंद असतं, तेव्हा ती मला नेते, तिच्या खुर्चीत बसवते, स्वतः मागं उभी राहते. दाबा ना ताई, म्हनते, चुकलं तर मी हाय. तेच तर नको असतं मला, ती असनं. तरी जाते, कारन काम वाढलंय, चेअरमन बोलतात अजून एक बाई लागेल. आता माजा हात जरा सैल पडलाय, बेरीज लावता येते, प्रिंट काढता येते.

रेखाचं वाईट नाय चिंतत मी. देवीपुढं दिवा लावते तेव्हा तिचं नाव घेते, तिची पोरं सुखात राहू देत, तिचं भलं कर, मनापासनं म्हनते. पन माजं पन कर गं बाय, नि जमलं तर आधी माजं कर.