शालनबाईंचा राक्षस

चाकणच्या स्टॉपवर अर्धा तास झाला तरी बसचा पत्ता नव्हता. स्वरूपाचं टाळकं सणकलंच होतं, तेवढ्यात रांगेत पुढं उभ्या दोघींचं बोलणं तिच्या कानावर आलं. दोघींच्या गळ्यात एकाच कंपनीचं ओळखपत्र होतं.

"शालनमावशी, तुम्हाला कॅन्टीनमधून काढणार होते ना?"

"व्हय. मेमो बी दिला हुता. बरणीवरच्या लेबलावर चित्र डकवलं म्हून."

"कसली बरणी?"

"चहापत्तीची रिकामी गं, वर्षाली. चहाचं मशीन धुवायची पावडर तिच्यात ठेवत्यात. दिसती साखरंवानी, पोटात गेली तर आतडी जाळंल. वर सगळं इंग्रजी. वाचणार कोण? मी आपला जीभ काढलेला राक्षस काढला न् चिकटवला."

"सेफ्टीवाले साहेब भडकले असतील!"

"म्हणला, कंपनी हाय का बालवाडी? आन् काल ऑडिटवाली मॅडम आली. तिनं एका नव्या कामगाराला इंग्रजी लेबलाची बरणी दाखवली. त्यो म्हणतोय, चीनी है."

"अगं बाई!"

"मग माझी दाखवली. दोन पावलं मागं सरला की! म्हणला, ना मॅडम, मर जाएंगे."

"आणि साहेब?"

"सोताच्या हातानं मेमो फाडला. आता तिन्ही प्लँटमधी माझाच राक्षस छापत्यात. मला इचारतोय, मावशी, खाली तुमचं नाव टाकू का?"

"मग टाकायला सांगा की!"

"छ्या! म्हणलं, चेहरा तुमच्यावर गेलाय साहेब, नाव बी तुमचंच टाका."